उरलेला खेळ

तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ पाहून, सरस्वती महालातल्या जुन्या पोथ्या डोळे भरून बघून आम्ही दोघे कुंभकोणमला निघालो होतो. गाडी पॅसेंजर. प्रत्येक स्टेशनाशी तिचे जुने नाते असावे अशी थांबत होती. पापनाशम गेले आणि सुंदरपेरुमाळ कोयिल नावाच्या चिमुकल्या स्टेशनात ती जी थांबली, ती हलेचना. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती म्हणे. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे आणि फलाटावर चार माणसे.

फलाटाच्या टोकाला, झाडाच्या सावलीत, शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली काठ्या फिरवत होत्या. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि हातात उंचीपेक्षा मोठी काठी! तामीळनाडूत या काठीच्या खेळाला सिलंबम म्हणतात. एकीची काठी दुसरीच्या खांद्यापाशी येऊन नेमकी थबके, की दोघी खुदकन हसत.

समोरच्या बाकावर एक वयस्क बाई होत्या. आमची बोली ऐकून त्या केव्हाच आमच्याशी मराठीत बोलू लागल्या होत्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेल्या, पण घरात मराठी टिकवलेल्या. मी कौतुकाने मुलींकडे पाहते आहे हे बघून त्या म्हणाल्या, “मैदान पोरांनी क्रिकेटला घेतलं. काठी उरली, ती या पोरींनी उचलली.”

गाडी सुटली, पण ते वाक्य काही मला सोडीना. त्याला कारण होते. माझ्या पर्समध्ये नव्हे, पण डोक्यात नणंदबाईंनी दिलेले एक काम होते.

वन्संची मुलगी छत्रपती संभाजीनगरला शाळेत शिकते आणि तलवारबाजी खेळते. त्या शहरात या खेळाचे वेड जुने आहे; तिथल्या साईच्या केंद्रातही तो शिकवला जातो. भाची नववी संपवून दहावीत जाणार, तेव्हा वन्संचा फोन आला. “तू लिहितेस-बिहितेस, तुझं ऐकेल ती. समजाव तिला. क्रिकेट नाही, बॅडमिंटन नाही, हा कुठला खेळ काढलाय! कुणी बघत नाही, कुणाला कळत नाही. उरल्यासुरल्यांचा खेळ आहे तो.”

मी “समजावते” असे कबूल करून बसले होते. आणि इकडे या आजींनी ‘उरली, ती उचलली’ म्हणून सांगून ठेवले!

घरी आल्यावर मी जरा वाचन केले, जुनी कात्रणे काढली. तेव्हा लक्षात आले, की वन्संचे म्हणणे अगदी खरे आहे. हा उरलेलाच खेळ आहे. पण त्या उरलेल्याचे बायकांनी काय केले, ते ऐकण्यासारखे आहे.

भवानी देवीचे नाव आपण ऐकलेले असते. चेन्नईतल्या देवळातल्या पुजाऱ्याची ही मुलगी. २००४ साली शाळेत खेळ निवडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्या खेळांतल्या जागा भरून गेल्या होत्या. तिच्या वाट्याला तलवारबाजी उरली. खेळ महागडा म्हणून तिला वडिलांचे उत्पन्न विचारले, तर पोरीने ते चक्क वाढवून सांगितले! सरावाला बांबूच्या काठ्या. खऱ्या तलवारी फक्त स्पर्धेपुरत्या. २००७ साली चौदा वर्षांची असताना ती तुर्कस्तानात पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेली. तिथे तीन मिनिटे उशिरा पोचली म्हणून काळे कार्ड दाखवून तिला बाद केले. पुढे केरळात तलश्शेरीच्या साई केंद्रात सागर लागू या प्रशिक्षकांच्या हाताखाली ती घडली. तिच्यासाठी आईने दागिने गहाण टाकले. टोकियोच्या ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारपटू. २०२१ साली तिथे तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली, दुसरी ७-१५ अशी हरली आणि देशाची माफी मागितली. माफी कसली मागतेस बाई, असे तेव्हा आपल्यापैकी कितीजणींना वाटले असेल!

भवानी देवी खेळते ती सेबर. आमची भाची खेळते फॉइल. या खेळात हत्यारे तीन. फॉइल हे सर्वांत नाजूक दिसणारे, वजनाला अर्ध्या किलोच्या आतले. त्याचे फक्त टोक लावायचे आणि तेही समोरच्याच्या धडालाच. हाताला, पायाला, डोक्याला लागले तर गुण नाही. इपीमध्ये सगळे अंग लक्ष्य. सेबरमध्ये कमरेच्या वरचे अंग आणि टोकाबरोबर धारेचाही वार.

आता गंमत पाहा. ऑलिंपिकमध्ये पुरुष १८९६ पासून तलवार चालवीत आले. बायकांना प्रवेश मिळाला १९२४ साली, पॅरिसला, आणि मिळाले ते फक्त फॉइल. हलके आहे, तेवढे पुरे! सांघिक फॉइल यायला १९६० साल उजाडले. इपी मिळाली १९९६ मध्ये आणि सेबर २००४ मध्ये. म्हणजे तब्बल ७२ वर्षे बायकांच्या पानात हा एकच पदार्थ वाढला जात होता. सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरेल ते आपले, हे काही फक्त आपल्याच स्वयंपाकघरात चालत नव्हते.

पण उरलेल्याचे पक्वान्न करणे बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. इटलीत येझी नावाचे एक लहान शहर आहे. तिथले एझिओ त्रिकोली दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत युद्धकैदी होते. कैद्याजवळ उरतो तो फक्त वेळ. त्या वेळात, छावणीतच, ते तलवारबाजी शिकले आणि गावी परतल्यावर १९४७ साली त्यांनी क्लब काढला. त्या लहानशा गावाने जोव्हाना त्रिलिनी दिली, व्हालेंतिना व्हेझाली दिली, एलिसा दि फ्रान्चिस्का दिली. व्हेझालीला ऑलिंपिकची सहा सुवर्णपदके. तीन एकटीची, तीन संघाबरोबरची. २००५ च्या जूनमध्ये तिला मुलगा झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती जगज्जेती झाली. बाळंतपणानंतर चार महिन्यांनी! हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

मला सगळ्यांत भावली ती सांघिक फॉइलची रीत. संघात तिघी, चौथी राखीव. या तिघी समोरच्या तिघींशी एकेकदा लढतात, म्हणजे लढती नऊ. पण प्रत्येक लढत नव्याने शून्यापासून सुरू होत नाही. पहिली जोडी पाच गुणांपर्यंत, दुसरी दहापर्यंत, असे करत पंचेचाळीसपर्यंत. एकेका जोडीला वेळ तीन मिनिटे. समजा, पहिली २-५ अशी मागे पडली, तर दुसरीने तिथूनच उचलायचे. ती आठ गुण मिळवून दहावर पोचली, की मागचे सगळे भरून निघाले. आपल्या आधीचीने जेवढे ठेवले, जमा किंवा उधार, तेवढे पदरात घेऊन पुढे जायचे. कुरकुर करायला वेळच नसतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये असेच झाले. वैयक्तिक अंतिम सामना दोन अमेरिकन मुलींतच झाला. ली कीफरने लॉरेन स्क्रग्जला १५-६ असे हरवले. आणि चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, त्या दोघी एका बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर अंतिम सामन्यात राखीव खेळाडू मैया वाइनट्राउबही उतरली. समोर बलाढ्य इटली. ४५-३९ असा सामना जिंकून त्यांनी अमेरिकेला तलवारबाजीतले पहिले सांघिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. जिला जादा म्हणून बाजूला बसवले होते, तीही त्यात होती. आपल्या मुलींचा फॉइल संघ अजून ऑलिंपिकला गेलेला नाही. पण येझीही कधीकाळी सुंदरपेरुमाळ कोयिलसारखेच कोणाला माहीत नसलेले गाव असणार.

एवढी शिदोरी घेऊन मी संभाजीनगरला गेले. नेमकी भाचीची शालेय स्पर्धा होती. मी वन्संना म्हटले, “समजावते, पण आधी एकदा बघून तरी येऊ.” वन्सं नाइलाजाने निघाल्या. मुलीचा सामना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

जाळीच्या मुखवट्यात आपले पोर कोणते, हेच आधी कळेना. मग दोघींनी मुखवटे काढून, तलवार उंचावून एकमेकींना सलाम केला. “अगंबाई, नमस्कार करतात!” वन्सं हळूच म्हणाल्या. पहिली लढत आमच्या भाचीची, आणि ती १-५ अशी हरली. वन्संनी माझा हात घट्ट धरला. त्यांना वाटले, संपले. भाची मान खाली घालून परत आली, तशी दुसरी मुलगी तिच्या पाठीवर थाप मारून पुढे गेली. एकपासून सुरू करून तिने दहा केले! “हिचे आधीचे चार उणे होते ना? मग ते कुठे गेले?” वन्संनी विचारले. मी म्हटले, “तिने भरून काढले.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मुलींच्या गुणांचा हिशेब त्या बोटांवर ठेवू लागल्या.

शेवटी आमचा संघ ४१-४५ असा हरला. मुली थोड्या रडल्या आणि लगेच कुणाच्या तरी डब्यातल्या पोळीच्या लाडवांवर तुटून पडल्या.

राज्यात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण असते, हे सारे वन्संना सांगायचे मी पाठ करून आले होते. ते तोंडातच राहिले. आणि भाचीला समजवायचेही राहून गेले. दहावीचा अभ्यास आणि सराव यांची वेळ कशी बसवायची, ते त्या मायलेकी बघतील. तो प्रश्न खरा आहे, आणि तो सोपा आहे असे मी म्हणणार नाही.

रात्री जेवणे आटोपल्यावर वन्सं भाचीची बॅग आवरत होत्या. घामाने भिजलेले ते रुपेरी, धातूच्या तारांचे जाकीट त्यांनी दोन बोटांनी उचलले आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, “अगं, हे मशीनला टाकायचं का?”

आतून उत्तर आले, “नको गं आई! गार पाण्यात, हातानं. आणि पिळायचं नाही हं.”

वन्संनी पदर खोचला आणि बादली भरायला घेतली.