सभेचा पत्ता हाही उपचारच

मद्यपाशाच्या रुग्णासाठी आपल्यापाशी औषधांची उणीव नाही. दारू तुटताना होणारा हातांचा कंप, निद्रानाश, क्वचित तिसऱ्या-चौथ्या दिवशी उद्भवणारा भ्रम या साऱ्यांवर इलाज आहे. थायमिन आहे, सलाईन आहे. आठ-दहा दिवसांत रुग्ण हिंडूफिरू लागतो. घरी पाठवताना आपण त्याला सांगतो, ‘‘एखाद्या ग्रुपला जात जा.’’ कोणत्या ग्रुपला, कोणत्या वारी, किती वाजता, हे मात्र सांगितले जात नाही. माझ्या मते उपचार येथेच अर्धवट राहतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकरवी केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी आहेत, आणि मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकालाच काही मदत मिळाली होती. त्या एकाला तरी आपण वाटेत सोडता कामा नये.

स्वमदत गटांच्या या चळवळीचे मूळ एका डॉक्टरापाशीच जाते. अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन यांची शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली. डॉ. बॉब यांना दारूचे दुष्परिणाम पुस्तकातून शिकायचे उरले नव्हते. तरीही ती सुटत नव्हती. सुटली ती दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलल्यावर. त्यातूनच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., उभी राहिली. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली. रुग्णाला या सभांशी रीतसर जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत अन्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. ‘रीतसर जोडून देणे’ हे शब्द आपण ध्यानी घ्यावेत.

आपल्या सीमाभागातील अनेक कुटुंबांना पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे नाव ठाऊक आहे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ते सुरू केले. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट यांना तेथे मोठे स्थान मिळाले. परंतु पुणे येथून सुमारे ३४० किलोमीटर दूर. उपचार पुण्यात घेता येतील. दर आठवड्याची सभा मात्र येथेच हवी.

ती सभा योग्य कोणती? पिरनवाडीचेच उदाहरण घेऊ. उद्यमबागेत पाळीवर राबणाऱ्या कामगाराला संध्याकाळी सहाची सभा निरुपयोगी आहे. भाषेचेही तसेच. येथला माणूस बाजारात कन्नड बोलेल, कचेरीत हिंदी चालवील; पण बायकोच्या अंगावरचे मंगळसूत्र विकल्याचे तो मातृभाषेतच सांगू शकेल. अंतराचा प्रश्न त्याहून नाजूक. जवळची सभा सोयीची हे खरे, पण जेथे सारे एकमेकांचे सोयरे, तेथे तोंड उघडणे कठीण. अशाला बेळगावातील सभाच अधिक मानवेल. स्त्री रुग्णाला पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटी पाठवणे तर सर्वस्वी अनुचित. म्हणून एका सभेला जाऊन ‘जमले नाही’ म्हणणाऱ्याला आपण दोषी ठरवू नये; तीन-चार ठिकाणी जाऊन पाहण्यास सांगावे. २०२० नंतर दूरध्वनीवरून भरणाऱ्या सभांचाही पर्याय खुला झाला आहे.

गळ्यात माळ घालून दारू सोडलेले वारकरी आपल्या गावोगावी आहेत. त्यांना तारते ती माळ, आणि तिच्यामागची एकादशी, भजन, दिंडी, म्हणजेच माणसांची नित्य सोबत. ज्याला हा मार्ग मानवतो, त्याला तो जरूर दाखवावा. ए.ए.मध्येही धर्माची अट नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे.

आपल्या संघटनेने तीन गोष्टी कराव्यात, असे मी सुचवितो. पहिली, परिसरातील सभांची भाषा, वार, वेळ व स्थळ यांची यादी करावी आणि दर सहा महिन्यांनी ती पडताळावी; शिळी यादी रुग्णाला बंद दारापाशी नेऊन सोडते. दुसरी, प्रत्येक सभासदाने एकदा तरी खुल्या सभेस जाऊन मागच्या बाकावर बसावे; बंद सभा केवळ मद्यपींसाठी असते. तिसरी, या भागात मराठी सभा सुरू करू इच्छिणाऱ्यांना सायंकाळी एखाद्या दवाखान्याची खोली द्यावी. तेथे दीपप्रज्वलन, हारतुरे, छायाचित्रे नकोत, अध्यक्षपद तर नकोच. ए.ए. बाहेरची देणगी घेत नाही. त्यांनी दिलेले अल्पसे भाडे आपण आदराने स्वीकारावे.

एक अप्रिय गोष्टही लिहिणे भाग आहे. या व्याधीने आपल्या व्यवसायालाही वगळलेले नाही. डॉक्टर रुग्ण झाला की सारे जाणतात आणि कोणी बोलत नाही. आपल्याच मेजवान्यांत पेले भरले जात असताना त्याने कोणाकडे जावे? अशा बंधूलाही यादीतील एक पत्ता खाजगीत, सन्मानाने देता आला पाहिजे. तो घेऊन डॉ. बॉब यांच्याच वाटेने जाण्यात त्याला कसलाही कमीपणा नाही.