सुईवरचा खोटा आळ

‘सुई लागली कीं गांठ चवताळते’ हें वाक्य केवळ अशिक्षितांच्या तोंडीं असतें, तर त्यावर लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. अज्ञानावर शिक्षणाचा उतारा आहे, असें आपण शंभर वर्षें म्हणत आलों आहों. परंतु हेंच वाक्य आज पदवीधरांच्या घरांतून, आणि तेंहि अनुभवाचें शहाणपण म्हणून, बोललें जातें. स्तनांत गांठ लागली, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी झाली, तपासणाऱ्यानें अहवालावर ‘संशयास्पद’ असा शेरा मारून बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, सुचविली, कीं घरांत मसलत बसते. आणि त्या मसलतीचा पहिला ठराव बहुधा हाच होतो कीं, सध्यां सुई नको. या ठरावाविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती केवळ वैद्यकीय नाहीं. ज्या बाईच्या देहाविषयीं हा ठराव होतो तिला त्या मसलतींत मत नसतें. पुष्कळदां तर अहवालांत काय लिहिलें आहे हेंहि तिला ठाऊक नसतें.

हा प्रकार शहरापेक्षां आडवळणाच्या गांवीं अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यांतील पोंभुर्णा डोळ्यांपुढें आणावें. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा धानपिकाचा, जंगलालगतचा तालुका. येथील एखाद्या शिक्षिकेनें किंवा कारकुनाच्या पत्नीनें गांठ दाखवावयाची म्हटली कीं चंद्रपूर गांठावें लागतें. मोठा इलाज म्हटला कीं नागपूर नाहींतर सेवाग्राम. चंद्रपुराहून नागपूर सुमारें दीडशें किलोमीटर. संशयाचा कागद घरांत आला कीं पंचांग उघडलें जातें : रोवणी होऊं द्या, गणपति जाऊं द्या, धान घरांत येऊं द्या, दिवाळीनंतर मंडई आहे, नाटकें आहेत, पाहुणे येतील, तेवढें आटोपूं द्या. यांतलें प्रत्येक कारण खरें असतें. झाडीपट्टींतलें घर रोवणीच्या दिवसांत बाईवांचून चालत नाहीं, हें कोण नाकारील? पण अशीं खरीं कारणें एकापुढें एक मांडलीं कीं आषाढांतला कागद पौषांत बाहेर निघतो, आणि गांठ कांहीं त्या पंचांगाप्रमाणें वागलेली नसते.

संशयाचा कागद काय सांगतो आणि काय सांगूं शकत नाहीं, हें प्रथम पाहूं. सोनोग्राफी ध्वनीच्या लहरींनीं आणि मॅमोग्राफी क्ष-किरणांनीं गांठीची छाया दाखविते. कडा गुळगुळीत आहेत कीं वेड्यावांकड्या, गांठ आडवी आहे कीं उभी, चुन्याचे कण विखुरलेले आहेत कीं एके ठिकाणीं जमलेले, यांवरून तपासणारा अंदाज बांधतो. या अंदाजाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. तिसऱ्या पायरीवर कर्करोगाचा संभव शेंकडा २ हून अधिक नसतो. तेथें सहसा सहा महिन्यांनीं पुन्हां पाहणें पुरतें. पांचव्या पायरीवर तो शेंकडा ९५ किंवा त्याहून अधिक असतो. मधली चौथी पायरी तीच ‘संशयास्पद’. आणि तिचा विस्तार शेंकडा २ पासून थेट ९५ पर्यंत आहे. या रुंदीचा वाचकांनीं विचार करावा. एकाच शब्दाखालीं जवळजवळ निर्दोष गांठहि बसते आणि जवळजवळ निश्चित कर्करोगहि बसतो. स्तनाचा क्षय, दुखापतीनंतर मृत झालेली चरबी, जुनी सूज, हीं सर्व छायेंत कर्करोगाचा वेष घेऊं शकतात. उलट एखादा कर्करोग साळसूद दिसतो. छायेला अधिक विचारून उपयोग नाहीं, कारण तिच्यापाशीं अधिक उत्तर नाहीं. उत्तर त्या मांसाच्या कणांत आहे.

तो कण मिळविण्याचा जो विधि, त्याचीच घरांत राक्षसाप्रमाणें वर्णनें होतात. वस्तुतः कातडी बधिर करण्याचें इंजेक्शन, कणभर छेद, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत गांठींत नेलेली सुई, यंत्राचा खट्कन आवाज, आणि शेवईच्या तुकड्याएवढे कांहीं बारीक धागे, एवढाच हा प्रसंग आहे. थोडें दुखतें, कातडी चार दिवस काळीनिळी होते. बाई बहुधा त्याच दिवशीं घरीं जाते. ते धागे फॉर्मॅलिनमध्यें ठेवून, मेणांत बसवून, त्यांचे अतिशय पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. कर्करोग निघालाच, तर तो स्त्रीच्या संप्रेरकांवर पोसला जात आहे कीं नाहीं, हर-टू नांवाचें प्रथिन त्यांत अधिक आहे कीं नाहीं, हेंहि त्याच धाग्यांवरून कळतें आणि औषध त्यावर ठरतें. म्हणजे सुई रोगाचें केवळ नांव सांगत नाहीं. त्याच्याशीं कोणत्या शस्त्रानें लढावें हेंहि सांगते.

आतां मुख्य आळ : सुईनें रोग पसरतो. याचा साक्षीदार नेहमीं एकच असतो. ‘आमच्या ओळखीच्या एका बाईंना सुई लावली आणि वर्षाच्या आंत त्या गेल्या.’ या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करीत नाहीं. गांठ प्रथम हाताला लागली त्यास किती महिने झाले होते? सुई लावली तेव्हां कांखेंत गांठी आल्या होत्या का? निदानानंतर इलाज पुरा झाला, कीं दोन डोस घेऊन मंडळी झाडपाल्याकडे वळलीं? बहुतेक वेळां उत्तर हेंच येतें कीं, रोग आधींच हातपाय पसरून बसला होता आणि सुई शेवटीं आली. घरांत चोरी व्हावी, पोलीस सकाळीं यावा, आणि पोलीस आला म्हणून चोरी झाली असें म्हणावें, तशांतला हा न्याय आहे. सुईच्या वाटेंत कांहीं पेशी सरकलेल्या सांपडतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांनीं स्वतःच नोंदविली आहे. ती लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतून नवी गांठ उद्भवल्याचीं उदाहरणें फार विरळ आहेत, आणि सुईनें निदान झाल्यामुळें स्त्रियांचें आयुष्य घटतें असा पुरावा नाहीं. निदान न झाल्यामुळें घटतें, याचा पुरावा मात्र हवा तितका आहे.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे. ‘बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात; मग उगाच टोंचाटोंची कशाला?’ विधान खरें आहे. अनुमान उफराटें आहे. बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात म्हणूनच सुई ही पुष्कळशा बायकांच्या बाबतींत सुटकेचा हुकूम घेऊन येते. जी बाई सुईवांचून राहते ती निर्दोष ठरत नाहीं. ती नुसती खटला न चालवितां कोठडींत राहते. अंघोळीच्या वेळीं रोज तिचा हात त्या जागीं जातो, आणि कालच्यापेक्षां आज गांठ मोठी लागते काय, हा प्रश्न ती कोणास विचारीत नाहीं. घरचीं माणसें या स्थितीला ‘शांति’ म्हणतात. शिवाय ‘बहुतेक’ हा शब्द समुदायाचा आहे. भारतांत २०२२ सालीं स्तनाच्या कर्करोगाचे सुमारें १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारें ९८ हजार मृत्यु असा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. या संख्येंतील कित्येक बायकांच्या घरींहि कोणीतरी ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारलाच असेल.

नकाराची किंमत काय पडते, याचे दोन दाखले देतों. एक परक्या देशांतला, दुसरा आपल्या मुंबईंतला. फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथें १९९६-९७ च्या सुमारास १,३८,३९२ स्त्रियांचे स्तन परिचारिकांनीं हातानें तपासले. त्यांपैकीं ३,४७९ जणींस पुढील तपासणी सांगितली. ती पुरी केली अवघ्या १,२२० जणींनीं. घरीं जाऊन विनविलें तरी शेंकडा ४२ जणींनीं साफ नकार दिला, आणि तो सबंध प्रयोग पहिल्या फेरीनंतर थांबवावा लागला. मुंबईंत टाटा रुग्णालयानें १९९८ पासून झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर असाच प्रयोग चालविला. निम्म्या स्त्रियांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं हातानें करीत. संशय आल्यास रुग्णालयांत निदान होई. वीस वर्षांचा हिशेब २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटांत पुढच्या अवस्थेंतले कर्करोग शेंकडा ३७, न तपासलेल्या गटांत ४७. सर्व वयांच्या मृत्यूंत शेंकडा १५ घट दिसली, ती संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरी उतरली नाहीं हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण ५० व त्यावरील वयाच्या स्त्रियांत ती ३० च्या जवळपास होती. येथें मोठीं यंत्रें नव्हतीं. सेविकेचा हात होता, आणि त्या हाताला आलेला संशय तडीस नेण्याची सोय होती. मनिलांत हात होता. पुढचें पाऊल पडलें नाहीं.

कोणी म्हणेल कीं सुई ही शस्त्रक्रियेची पहिली पायरी आहे. एकदां तिला होकार दिला कीं बाई डॉक्टरांच्या हातीं सांपडली. इतिहास याच्या नेमका उलट आहे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिचा स्तन १८११ सालीं पॅरिस येथें भुलीशिवाय कापण्यांत आला. त्यानंतर ती १८४० पर्यंत जगली. तो कर्करोग होता कीं नव्हता, हें आज कोणालाहि निश्चित सांगतां येत नाहीं; कारण विचारण्याचें साधनच नव्हतें. पुढें सूक्ष्मदर्शक आला, तरी विसाव्या शतकांत पुष्कळ वर्षें असा परिपाठ होता कीं बाईला भूल द्यावयाची, गांठीचा तुकडा लगेच तपासावयाचा, आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलींत स्तन काढून टाकावयाचा. शुद्धीवर आल्यावर छातीवर हात नेऊन तिनें आपलें निदान समजून घ्यावयाचें! या पद्धतीविरुद्ध अमेरिकेंत स्त्रियांनींच आवाज उठविला, आणि १९७९ सालीं तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनें निदान व शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे असावेत असा निर्वाळा दिला. म्हणजे स्वतंत्र बायोप्सी ही बायकांनीं मिळविलेली सवड आहे. सुई आणि सुरी यांच्यामध्यें विचार करण्याचे, दुसऱ्या डॉक्टरास विचारण्याचे, नाहीं म्हणण्याचे कांहीं दिवस तिच्या हातीं राहतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००८ सालीं दिल्लीच्या एका खटल्यांत हेंच तत्त्व सांगितलें : तपासणीची संमति ही उपचाराची संमति नव्हे, आणि सज्ञान, शुद्धीवर येऊं शकणाऱ्या स्त्रीच्या वतीनें तिच्या आईनें दिलेला होकारहि पुरत नाहीं.

मग नवऱ्याचा, सासऱ्याचा, दिराचा नकार तरी कसा पुरावा? आनंदीबाई जोशी १८८३ सालीं समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ सालीं एम. डी. झाल्या, येथील स्त्रिया आपलें दुखणें पुरुष वैद्यापुढें मांडीत नाहींत, हें त्यांनीं आपल्या जाण्याचें एक कारण सांगितलें होतें. आज जिल्ह्याच्या गांवीं स्त्री-डॉक्टर आहेत. पण दुखणें दवाखान्याच्या दाराशीं न अडतां घराच्या उंबरठ्याशीं अडतें. ‘तिला सांगूं नका, ती खचेल’ हें म्हणणारीं माणसें प्रेमळच असतात. परंतु जी बाई सासूचें आजारपण, मुलांच्या परीक्षा आणि पगारांतला महिना निभावते, ती एका कागदानें खचेल हा शोध कोणीं लावला? खचण्याचें भय घरच्यांनाच असतें, आणि तें तिच्या नांवावर मांडलें जातें.

डॉक्टरांची बाजू आम्ही डोळे मिटून घेत नाहीं. तिसऱ्या पायरीवरच्या गांठीला कारणावांचून टोंचणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे सुई न लावतां सबंध गांठच कापून टाकणारे, आणि तो तुकडा तपासणीस न पाठविणारेहि आहेत. तेव्हां बाईनें विचारावें : माझी पायरी कोणती? सुई सोनोग्राफीच्या आधारानें लावणार का? तुकडा कोठें जाणार, अहवाल केव्हां मिळणार? बाटली नातेवाइकाच्या हातीं दिली, तर ती घरीं न ठेवतां त्याच दिवशीं पोंचवावी. खर्चाचा आक्षेप खरा आहे, आणि पोंभुर्ण्याच्या बाईच्या बाबतींत तर तो मजुरी बुडण्यापासून सुरू होतो. शासनाच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाच्या इलाजाची सोय आहे. पण इलाजास मंजुरी मिळावयाची तर निदानाचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा मिळविण्याच्या फेऱ्या बाईच्या पदरच्या. एका फेरींत सोनोग्राफी, सुई आणि तुकड्याची रवानगी व्हावी, ही मागणी जिल्ह्यांतील सुशिक्षितांनीं लावून धरली पाहिजे. सुईला दोष देण्यांत जो आवेश आपण खर्चितों, त्याचा चौथा हिस्सा येथें पुरेल.

सर्व ऐकून, समजून, एखादी बाई सुई नकोच म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे; आम्ही तिच्याशीं वाद घालूं, पण तिचा हात धरणार नाहीं. आमचा वाद तिच्याऐवजीं नकार देणाऱ्यांशीं आहे. ज्या घरांत असा अहवाल कपाटांतल्या साड्यांखालीं किंवा विम्याच्या कागदांत ठेवलेला असेल, त्या घरानें तो आज बाहेर काढावा, जिचें नांव त्यावर आहे तिच्या हातीं द्यावा, आणि चंद्रपूरची गाडी किती वाजतां सुटते याची चौकशी करून ठेवावी.