शिक्षकाला वर्गात राहू द्या

दरवर्षी ५ सप्टेंबरला शिक्षकांचा गौरव होतो. भाषणे होतात, पुरस्कार वाटले जातात आणि राष्ट्राच्या जडणघडणीचे सारे श्रेय एका दिवसापुरते शिक्षकांच्या पदरात टाकले जाते. पुढच्याच आठवड्यात महापालिकेच्या एखाद्या शाळेत चौथीची मुले उठवून तिसरीच्या वर्गात नेऊन बसवली जातात, कारण चौथीचे गुरुजी मतदारयादीच्या कामावर गेलेले असतात. मग एकाच बाईंना दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. सांभाळणे तेवढे होते. शिकवणे राहून जाते.

शिक्षकांविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका टोकाला त्यांची पूजा असते, तर दुसऱ्या टोकाला त्यांच्या पगाराचा हिशेब. पूजा करणाऱ्यांना शिक्षक त्यागमूर्ती हवा असतो. हिशेब मांडणाऱ्यांना तो आळशी आहे हे सिद्ध करायचे असते. वर्गाच्या दाराआड त्याच्यापुढे नेमके काय काम आहे आणि त्या कामासाठी त्याच्या हाती किती वेळ उरतो, हा साधा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. श्रमिकांच्या मुलांच्या शिक्षणाचे भवितव्य मात्र याच प्रश्नावर अवलंबून आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास परळइतकी योग्य जागा दुसरी नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मुंबईतील सुरुवात याच परिसरात झाली. १९२० च्या कायद्याच्या आधारे महापालिकेने १९२५ मध्ये एफ आणि जी या दोन विभागांत सक्ती लागू केली. गिरणगावाची मोठी वस्ती याच विभागांत होती. त्याही आधी, १९११ मध्ये, नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवली. पुढे ज्यांनी देशातील कामगारांची पहिली मध्यवर्ती संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, ते जोशी भारत सेवक समाजात येण्यापूर्वी शिक्षक होते, हे विसरता येत नाही. कामगाराला आपला हक्क कळायचा तर त्याला आधी मजुरीची पावती वाचता आली पाहिजे, ही समज त्या पिढीला होती. परळमध्ये शाळा आणि युनियन एकाच हेतूने जवळजवळ आली, ती या समजेमुळेच.

नारायण सुर्वे याच मातीतले. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला हा मुलगा स्वतः गिरणीत राबला, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि पुढे परीक्षा देऊन शिक्षक झाला. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत मुलाचे नाव शाळेत घालायला आलेली एक स्त्री बापाच्या नावाच्या जागी मास्तरांनी स्वतःचेच नाव लिहावे असे सांगते. या प्रसंगात कल्पनेपेक्षा अनुभव अधिक आहे. ज्या मुलाच्या मागे दुसरे कोणीही उभे नाही, त्याच्या मागे शाळेने उभे राहावे, ही श्रमिक वस्तीची शिक्षकाकडून अपेक्षा होती आणि आजही आहे.

त्या वस्तीचे रूप मात्र पार पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप लांबला, घरातली भांडी विकली गेली, कित्येक कुटुंबे कोकणात आणि घाटावर परतली. त्यांच्याबरोबर मुलांच्या शाळाही सुटल्या. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तिच्यात २००१ मध्ये झालेल्या बदलाने गिरण्यांच्या जमिनी बाजारात आल्या. चिमण्या गेल्या, मॉल आले, मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत राहणारी मुले महापालिकेच्या शाळेत येत नाहीत. तिथे येतात ती त्या मनोऱ्यांचे पहारेकरी, झाडूवाले, घरकामवाल्या, फेरीवाले आणि सामान पोचवणारे यांची मुले. शाळेची इमारत जुनीच असली, तरी वर्ग नवा आहे आणि तो पूर्वीपेक्षा अवघड आहे.

हा वर्ग अवघड का, ते नीट पाहिले पाहिजे. पाचवीच्या एका खोलीत एक मुलगी धडा सरळ वाचते, तिच्या शेजारचा मुलगा जोडाक्षराशी अडखळतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाची अजून अक्षरओळखही पक्की नसते. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद केली, ती न्याय्यच आहे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणे हा त्याचा अपमान ठरतो. पण मागे राहिलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने सांगितली आहे. प्रत्यक्षात ती बहुधा त्याच शिक्षकावर, त्याच तासात येऊन पडते. एका धड्यात तीन वर्ग शिकवण्याची ही कसरत बाहेरच्यांना दिसत नाही.

त्यात भाषेची भर पडते. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. म्हणजे या शहराला आपल्या मुलांच्या भाषा माहीत आहेत. तरीही मराठी शाळेतल्या वर्गात घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारे मूल असते, आणि इंग्रजी माध्यमाच्या वर्गात तर कोणाच्याच घरी इंग्रजी नसते. पालक इंग्रजीचा आग्रह धरतात, कारण मनोऱ्याच्या दारावरची नोकरीसुद्धा इंग्रजी मागते असे त्यांना दिसते. या आग्रहाला हसणे सोपे आहे. पण जे मूल घरातल्या भाषेतही अजून वाचू लागलेले नाही, त्याला परक्या भाषेतील गणित समजावण्याचे ओझे शेवटी शिक्षकच वाहतो. शिवाय चाळ पाडली गेली की कुटुंब दूरच्या संक्रमण शिबिरात जाते. मूल काही दिवस लोकलने येते, मग येईनासे होते. हजेरीपटावर त्याचे नाव राहते, बाकावरची जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेचा पाठपुरावा करण्याचे कामही शिक्षकाचेच.

इतके सारे करायचे तर शिक्षक वर्गात हवा. नेमका तोच तिथून वारंवार उचलला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. अपवाद फक्त तीन: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. पण निवडणूक या एका शब्दाच्या पोटात मतदारयादीचे बारमाही काम शिरले आहे. याशिवाय सर्वेक्षणे असतात. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी राज्यभर शिक्षकांना घरोघर पाठवण्यात आले. मागासलेपणाची मोजदाद व्हायलाच हवी. पण त्यासाठी मागासलेल्यांच्याच मुलांचा वर्ग ओस पाडावा, हा न्याय विचित्र आहे. जो शिक्षक शाळेतच थांबतो, त्याचीही सुटका नाही. पटाची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार क्रमांकांची जुळणी हे सारे संगणकावर भरायचे, आणि वरून मागणी आली की तेच पुन्हा दुसऱ्या तक्त्यात भरायचे. मूल काय शिकले यापेक्षा त्याची नोंद झाली की नाही, याची चौकशी वेगाने होते.

करोनाच्या काळाने या व्यवस्थेचा खरा चेहरा दाखवला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. पावणेदोन वर्षे दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला घरातल्या एकुलत्या फोनवर शिकायचे होते, आणि तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असे. पहिलीत नाव घातलेले मूल शाळेची पायरी न चढताच दुसरीत गेले. शाळा उघडल्यावर खरे तर अशा वर्गांना अधिक शिक्षक, अधिक वेळ आणि कमी कागद मिळायला हवे होते. त्यांना मिळाले ते नवे तक्ते.

मोबदल्याचा प्रश्नही यापासून वेगळा काढता येत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये वेतन असावे अशी मागणी केली होती. शिक्षक प्रशिक्षित असावा, नांगराला हात लावण्याची त्याला लाज वाटू नये आणि बहुजनांत तो सहज मिसळावा, असेही त्यांनी सांगितले. चांगले वेतन आणि जनतेशी एकरूपता या दोन गोष्टी जोतीरावांनी एकत्र मागितल्या होत्या. महाराष्ट्र सरकारने २००० साली शिक्षण सेवक योजना आणून त्यातील पहिली गोष्टच मोडीत काढली. पूर्ण पात्रतेच्या शिक्षकाने पूर्ण काम करावे आणि तीन वर्षे मानधनावर राहावे, अशी ही योजना. २०२३ मध्ये प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन सोळा हजार रुपये झाले. त्याआधी कित्येक वर्षे ते सहा हजारच होते. मुंबईत या रकमेत खोलीचे भाडे देऊन माणसाने जगावे आणि वर्गात प्रसन्न मुद्रेने उभे राहावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतः महिनाभर तसे जगून पाहावे.

आणखी एक विसंगती क्वचितच बोलली जाते. विधान परिषदेत शिक्षकांचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. पण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानुसार तिथे मत देण्याचा अधिकार माध्यमिक आणि त्यावरील संस्थांतील शिक्षकांनाच आहे. जो शिक्षक मुलाला पहिले अक्षर शिकवतो, त्याला शिक्षक म्हणून मत नाही. शिक्षणाच्या राजकारणात प्राथमिक शाळेचा आवाज क्षीण का, याचे एक उत्तर इथे सापडते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. कायम शिक्षकांना वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतात, तरीही मुलांना वाचता येत नाही. आणि हेच शिक्षक आपली मुले महापालिकेच्या शाळेत घालत नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. काही शिक्षक वर्गात असूनही वर्गात नसतात. मुलांच्या जातीवरून, वस्तीवरून, बापाच्या दारूवरून त्यांच्या बुद्धीचे माप काढणारेही आहेत. छडी कायद्याने गेली, पण जीभ अजून छडीचे काम करते. शिक्षक संघटनांनी पगार, बदल्या आणि निवृत्तिवेतन यांसाठी मोठे लढे दिले; वर्गातल्या शेवटच्या बाकासाठी तसा लढा क्वचितच दिला. मात्र या दोषांवरून शाळाच बंद करावी किंवा खाजगी संस्थेच्या हवाली करावी, असा निष्कर्ष काढणे म्हणजे इस्पितळात गैरव्यवस्था आहे म्हणून रोग्याला रस्त्यावर झोपवणे होय. पट घटला की पदे घटवायची, पदे घटली की शिकवणे खालावते, शिकवणे खालावले की पट आणखी घटतो. या चक्रात सापडलेली शाळा स्वतःच्या दोषाने मेली, असे शेवटी जाहीर करता येते.

१९६६ मध्ये कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली होती. एका परिसरातील सर्व मुलांनी, ती कोणत्याही घरातली असोत, एकाच शाळेत जावे आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्या आयोगाचे सांगणे. दोन्ही गोष्टी आजही कागदावर आहेत. परळमध्ये मनोरा आणि महापालिका शाळा एकाच गल्लीत उभ्या असतात, पण त्या गल्लीतली मुले वेगवेगळ्या गाड्यांत बसून वेगवेगळ्या देशांत जावीत तशी शाळेत जातात. शेजारशाळेच्या मागणीचा पुनरुच्चार समाजवादी चळवळीने केलाच पाहिजे. पण ती प्रत्यक्षात येईपर्यंत जी शाळा आहे ती जगवण्याचे काम थांबवून चालणार नाही.

हे काम कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे. कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते, कारण घरकाम करणाऱ्या बाईला सकाळी अकराच्या सभेला येणे परवडत नाही. सभा संध्याकाळी व्हावी, येणाऱ्यांना इतिवृत्त वाचून दाखवले जावे, एवढ्या मागणीपासून सुरुवात करता येईल. मग तीन प्रश्न दर महिन्याला विचारावेत. या महिन्यात कोणता शिक्षक किती दिवस, कोणाच्या आदेशाने वर्गाबाहेर होता? शाळेत किती पदे रिकामी आहेत आणि कधीपासून? चौथीतली किती मुले साधा परिच्छेद वाचू शकतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रशासनाने द्यावीत, तिसऱ्याचे शिक्षकाने. शिक्षकाच्या बाजूने उभे राहायचे आणि त्याला जाबही विचारायचा, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली तरच पालकांचा विश्वास बसेल.

शिक्षक संघटनांशीही या पायावर बोलणे करता येईल. मतदारयादीच्या कामासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमावेत, ही मागणी शिक्षकांनी एकट्याने केली तर ती काम टाळण्याची सबब म्हणून हिणवली जाते. तीच मागणी चाळीतल्या आयांनी वॉर्ड ऑफिसवर नेली तर तिला उत्तर द्यावे लागते. गिरणगावाचा इतिहास हेच सांगतो: पाळीवरचा कामगार आणि रात्रशाळेचा मास्तर एकमेकांना ओळखत होते, तोवर शाळा ही वस्तीची होती. ती ओळख तुटली, तेव्हा शाळा सरकारी कचेरी झाली. ती पुन्हा जोडण्याचे काम पुढच्या जूनमध्ये पटनोंदणी सुरू होण्याआधी, एकेका शाळेपासून हाती घेतले पाहिजे.