कारागिराचेही नाव हवे

फिनलंडचे वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी १९३६ साली चहा नेण्यासाठी मोठ्या चाकांची लाकडी ढकलगाडी रचली. बर्च लाकडाचे पातळ थर चिकटवून व वाकवून तिचा सांगाडा घडवला जातो. लाकूड वाकवण्याचे तंत्र आल्टो यांना ओटो कोर्होनेन या फर्निचर-कारखानदाराच्या साहाय्याने साधले. कीर्ती मात्र रचनाकाराची झाली. बेंगळुरूपासून सुमारे ६० किलोमीटरवरील चन्नपट्टणातही असेच घडते. तेथील कातारी लाकूड लेथवर फिरवून त्यावर लाखेचा रंग चढवतात. त्यांच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, गावाचे नाव झाले. घडवणारे हात अनामच राहिले. कल्पनेला कौशल्याची जोड मिळाली, तरच वस्तू साकारते. म्हणून वस्तूवर कारागिराचेही नाव असावे. नाव असेल, तर त्याला योग्य दामही मागता येईल.