जळालं कोणाचं?

मी निफाडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, कादवा आणि नांदूर मध्यमेश्वरचं धरण. समुद्राशी संबंध एवढाच की आमची द्राक्षं बोटीने परदेशी जातात. पण दिवाळीच्या सुट्टीत देवगडच्या मित्राबरोबर विजयदुर्ग पाहिला आणि एका जहाजाची गोष्ट डोक्यात बसली.

जहाजाचं नाव ‘रेस्टोरेशन’. ईस्ट इंडिया कंपनीचं हे लढाऊ जहाज कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याने १७४९ मध्ये पकडलं. पुढे तुळाजीचं आणि नानासाहेब पेशव्यांचं बिनसलं. पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी अ‍ॅडमिरल वॉटसनच्या तोफांनी विजयदुर्गावर मारा सुरू केला. एक गोळा नेमका ‘रेस्टोरेशन’वर पडला. तिथली आग शेजारच्या जहाजांना लागली आणि बघता बघता आंग्र्यांचं आरमार खाक झालं.

मेसमध्ये ही गोष्ट सांगितली तर एकजण म्हणाला, “बरं झालं, तुळाजीला माज होता!” मान्य, तो पेशव्यांना जुमानत नव्हता. पण मित्रांनो, हिशोब बघा. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली. बाणकोट स्वतःकडे ठेवून ऑक्टोबरमध्ये त्यांनी विजयदुर्ग सोडला. १७७५ मध्ये त्याच इंग्रजांशी मराठ्यांचं युद्ध जुंपलं. मधल्या काळात त्याच विजयदुर्गात आनंदराव धुळपांच्या हाताखाली पेशव्यांना आरमार पुन्हा उभं करावं लागलं. मग १७५६ मध्ये जळालं ते कोणाचं?

हे मला पटतं, कारण मी ते घरी पाहिलंय. एका वर्षी बाबा आणि काकांचं विहिरीच्या पाळीवरून भांडण झालं. त्या रागात काकांनी फवारणी लांबवली आणि त्यांच्या बागेत डाऊनी आला. बाबा म्हणाले, “जाऊ दे, त्याचा माल आहे.” आठ दिवसांत तो बांध ओलांडून आमच्या मांडवात! त्या वर्षी दोघांचाही माल गेला. त्यानंतर मात्र दोघं फवारणी एकाच दिवशी करतात. बोलणं अजून कमीच आहे.

आपल्या हॉस्टेलवरही विंगा-विंगांत भांडणं होतात. होऊ देत, त्यात काय! फक्त समोरच्याचं जळताना टाळी वाजवण्याआधी एकदा बघून घ्या, आपलं जहाज कुठे बांधलंय ते.