सावळ्या प्रेयसीची उठाठेव

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळात शेक्सपियरच्या सुनीतांवर एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले. व्याख्यान रसाळ होते. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती एका वाक्याविषयी. एमिलिया लॅन्यर हे नाव घेऊन वक्ते म्हणाले की, हीच त्या सुनीतांतील सावळी प्रेयसी, आणि तीही थोडेफार लिहीत असे. श्रोते कौतुकाने हसले व व्याख्यान पुढे गेले.

हे 'थोडेफार' म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. १६११ साली या बाईने स्वतःच्या नावाने एक काव्यग्रंथ लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केला. त्या काळी असे धाडस करणाऱ्या इंग्रज स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. ग्रंथाच्या आरंभी राणीपासून सरदारपत्न्यांपर्यंत अनेक थोर स्त्रियांना उद्देशून अर्पणपद्ये आहेत. पुरुष त्यांत एकही नाही. या पद्यांतील स्तुती पुष्कळदा कंटाळवाणी होते, हे आम्ही लपवीत नाही. आश्रयावाचून ज्याचे चालत नाही त्याच्या लेखणीला हा दोष जडतोच. पण मुख्य काव्यात ख्रिस्ताच्या वधाची कथा येते आणि न्यायाधीश पायलटची पत्नी नवऱ्यापुढे उभी राहून बोलू लागते, तेथे लेखणीचा नूरच पालटतो. ईव्हने फळ खाल्ले ते अजाणतेपणी. अॅडम अधिक बलवान, मग त्याने नकार का दिला नाही? आणि निरपराध्याला सुळी देण्याचे जे पाप तुम्ही पुरुष आज जाणूनबुजून करीत आहात, त्यापुढे ईव्हची चूक ती केवढी? तेव्हा आमचे स्वातंत्र्य आम्हांला परत द्या, असा तिचा दावा आहे. चार शतकांपूर्वीची ही फिर्याद कोणत्याही वकिलाने वाचून पाहावी.

मग ही सावळी प्रेयसी आली कोठून? १९७३ साली इतिहासकार ए. एल. राउज यांनी सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषाच्या वह्या चाळून हा शोध जाहीर केला. एमिलिया १५९७ साली या ज्योतिषाकडे भविष्य विचारावयास जात असे. त्याचा तिच्याविषयीचा हेतू शुद्ध नव्हता, हे त्याच्याच टिपणांवरून दिसते. त्याने तिच्या तारुण्याविषयी लिहिलेला 'ब्रेव्ह', म्हणजे दिमाखदार, हा शब्द राउजसाहेबांनी 'ब्राउन' असा वाचला. नवऱ्याचे नावही विल्यम असे ठरविले. वास्तविक ते अल्फॉन्सो होते. दोन्ही चुका इतर अभ्यासकांनी दाखवून दिल्या. तरी १९७८ साली राउज यांनी तिच्या कविता छापल्या, त्या शेक्सपियरच्या सावळ्या प्रेयसीच्या कविता म्हणूनच! ज्यांची हयात फायलींत गेली आहे त्या आमच्या वाचकांनीच सांगावे : आधारभूत कागदच खोटा ठरल्यावर त्यावरचा हुकूम कोणत्या कचेरीत कायम राहतो?

उरतो तो एक धागा. लॉर्ड हन्सडन या वृद्ध सरदाराची ती रखेली होती, आणि १५९४ पासून शेक्सपियरची नाटकमंडळी याच सरदाराच्या आश्रयाला होती. पण ती गरोदर राहिल्यावर १५९२ सालीच तिचे लग्न एका दरबारी वादकाशी लावून देण्यात आले होते. अलीकडे काहींनी उलट टोक गाठून शेक्सपियरची नाटकेच हिने लिहिली असे म्हणण्यास आरंभ केला आहे. म्हणजे प्रेयसी नाही तर भूत. पण बाई शेक्सपियरच्या घरातून काही बाहेर पडावयाची नाही!

तिचे खरे आयुष्य कागदोपत्री सापडते. बाप व्हेनिसहून आलेला वादक. ती सात वर्षांची असतानाच तो वारला. एक मुलगी दहा महिन्यांची होऊन गेली. १६०४ साली राजाने नवऱ्याला लंडनमध्ये येणारी वैरण व धान्य तोलण्याचा आणि त्यावर शुल्क घेण्याचा परवाना दिला होता. १६१३ साली नवरा वारल्यावर त्या उत्पन्नातील वाट्यासाठी ती सासरच्या माणसांशी वीस वर्षांहून अधिक काळ भांडत राहिली. १६१७ साली तिने मुलांची शाळा काढली. घरमालकाशी तंटा होऊन ती दोन वर्षांत बंद पडली. १६४५ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ती वारली.

ग्रंथाच्या शेवटी कुकहॅम या जागेचा निरोप घेणारे एक काव्य आहे. इंग्रजीत अशा वाड्यांवर काव्य लिहिण्याची प्रथा बेन जॉन्सनपासून सांगतात. त्याचे पेन्सहर्स्टवरील काव्य १६१६ साली छापले गेले, हे त्याच्या पाच वर्षे आधी. कुकहॅम राजाच्या मालकीचे होते. कंबरलंडची काउंटेस मार्गारेट तेथे भावाच्या भाडेपट्ट्यावर राहत असे, आणि एमिलिया तर तिच्या आश्रयाने आलेली पाहुणी. बदलीचा हुकूम येताच सरकारी बंगल्यातील आपण लावलेली झाडे मागे टाकून निघालेल्या आमच्या वाचकांस या काव्याला टीपांची गरज पडणार नाही. तेथे एक ओकवृक्ष आहे. त्याच्या सावलीत काउंटेस वाचीत बसे. निघताना ती त्या झाडाचे चुंबन घेते. आणि मागे उरलेली कवयित्री पुढे होऊन, निर्जीव लाकडाला एवढे भाग्य कशाला म्हणून, ते चुंबन झाडापासून चोरून घेते.