मत मिळाले, मैदानाचे काय?

महाराष्ट्र राज्य एक. पण त्यात क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्या संघटना तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. न्या. लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' हे तत्त्व सुचविले आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, तेव्हा या संघटनांचे धाबे दणाणले. पुढे ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने तिघींनाही पूर्ण मत परत मिळाले. ते योग्यच झाले. परंतु मताविषयी जी आस्था त्या दोन वर्षांत दिसली, ती तालुक्याच्या मैदानाविषयी क्वचितच दिसते.

प्रादेशिक संघटना ही आपल्या हद्दीत निर्भेळ मक्तेदार असते. व्यापारी पटला नाही तर शेतकरी दुसऱ्याकडे माल नेतो. खेळाडूला मात्र गावच सोडावे लागते. श्रीरामपूरचा झहीर खान वास्तविक महाराष्ट्र संघटनेच्या हद्दीतला. तो मुंबईत आला आणि प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळला तो बडोद्याकडून! जिल्ह्यात पारखी नजर असणे हेच संघटनेचे पहिले काम, हे यावरून कळावे.

संघटनांना मात्र स्टेडियमचा सोस अधिक. (मुंबईचे वानखेडे स्टेडियम तर तिकिटांच्या वाटपावरून झालेल्या भांडणातूनच उभे राहिले.) नागपूरजवळ जामठ्याला २००८ मध्ये आणि पुण्याजवळ गहुंजे येथे २०१२ मध्ये भव्य स्टेडियम झाले. सामन्यांमुळे उत्पन्न वाढते हे खरे. पण महाराष्ट्राने रणजी करंडक अखेरचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये. उलट, अनेक दशके तळाशी राहिलेल्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन अजिंक्यपदे मिळविली. तेथे चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक प्रशिक्षक आणला गेला, वासिम जाफरसारखा अनुभवी फलंदाज तरुणांच्या सोबतीला दिला गेला, निवासी अकादमीतून मुले घडविली गेली. खापरखेड्याच्या कोळसा कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिसच्या चेंडूवरच खेळत होता. त्याला २००८ मध्ये रणजीत उतरविण्याचे धाडस याच संघटनेचे. मुंबईच्या मोठेपणामागेही, १९४८ पासून भर पावसात ओल्या खेळपट्ट्यांवर चालणारी कांगा लीग वानखेडेइतकीच आहे.

या संघटनांना नियामक मंडळाकडून प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नाचा वाटा मिळतो. मंडळाचे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. मग त्या पैशावर चालणाऱ्या संघटनेला खासगी क्लबाप्रमाणे वागता येणार नाही. पण तिला जाब विचारतो तो मतदार. आणि मतदार म्हणजे मुख्यतः संलग्न क्लब व जिल्हा संघटना. खेळणाऱ्या मुलाला तेथे मत नाही, त्याच्या मास्तरांनाही नाही.

तेव्हा प्रत्येक संघटनेने दर वर्षी जिल्हावार ताळेबंद मराठीतून प्रसिद्ध करावा. कोणत्या जिल्ह्यात गवताच्या खेळपट्ट्या किती, सोळा वर्षांखालील मुलांचे सामने किती झाले, पंच व प्रशिक्षक किती नेमले, निवड चाचणीस किती मुले आली आणि रुपये किती खर्ची पडले, एवढे पाच रकाने त्यात असले तरी पुरे. निवडणुकीची मतदारयादी लागते त्याच फळ्यावर तो लावता येईल.